सहाव्या वर्षीची दाढ

दिवाळीआधी माळा काढला तेव्हा पितळी डब्यात थोरल्याची दुधाची बाटली सापडली. वाळे, टोपडं, बारशाचं झबलं आणि ती बाटली. डबा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चौदा वर्षांपूर्वी भरून ठेवला होता. बाटली खिडकीशी उजेडात धरली. घेतली तेव्हा काचेसारखी आरपार होती, आणि पडली तरी फुटायची नाही, म्हणून तर घेतली होती. आता आतून धुकं धरल्यासारखी दिसते. ब्रशचे बारीक ओरखडे उभे-आडवे गेलेत. तळाशी एक पांढुरका पट्टा आहे, हिवाळ्यात काचेवर वाफ धरते तसा, पण पुसला तरी न जाणारा.

तो पट्टा कसा आला ते मला नेमकं माहीत आहे, कारण तो मीच आणलाय. २०११ साली मला दूध कमी होतं, वरचं द्यावं लागायचं. दिवसातून सहा वेळा बाटली. प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासायची, मग पातेल्यात बुडवून दहा मिनिटं खळखळ उकळायची, आणि गरम असतानाच तिच्यात गरम पाणी ओतून पावडर कालवायची. रात्री दोनलासुद्धा मी यातली एक पायरी गाळली नाही. बाळाच्या पोटात जंतू जाऊ नयेत एवढंच डोक्यात असायचं.

बाटली पॉलिकार्बोनेटची होती. हे प्लॅस्टिक बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, या रसायनाचे रेणू एकमेकांत गुंफून बनवतात. गुंफण घट्ट असते, म्हणून ते कडक आणि पारदर्शक होतं. पण भरपूर उष्णता आणि साबणासारखं अल्कधर्मी पाणी मिळालं की ती गुंफण पृष्ठभागावर हळूहळू सुटते, आणि सुटलेला बीपीए पाण्यात उतरतो. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत हे वेगळ्याच रीतीनं समोर आलं. उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून तीव्र अल्कधर्मी साबणानं धुतले गेले. पिंजरे धुरकट झाले, आणि त्यांतल्या माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांची मांडणी अचानक बिघडलेली दिसू लागली. पिंजऱ्यांतून पाझरलेला बीपीए हे कारण शोधून, खात्री करून ते छापायला २००३ उजाडलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘धुरकट’ या शब्दावर थांबले. माझ्या पातेल्यात वेगळं काय चाललं होतं?

हे मी वाचलं २०१८ मध्ये. धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती आणि थोरला सात वर्षांचा. तिला मांडीवर झोपवून एका हातानं फोनवर वाचत बसायचे. बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा वागतो हे काही नवं नव्हतं. एडवर्ड चार्ल्स डॉड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९३६ मध्येच ते दाखवलं होतं, तो कृत्रिम संप्रेरक शोधत होता म्हणून. पॉलिकार्बोनेट आलं त्यानंतर, १९५३ मध्ये. म्हणजे त्या रेणूचा स्वभाव आधी कळला होता आणि बाटल्या मागून झाल्या. कॅनडानं २००८ मध्ये दुधाच्या बाटल्यांतून तो काढायचं जाहीर केलं, युरोपनं २०११ मध्ये काढला, अमेरिकेनं २०१२ मध्ये. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनं २०१५ मध्ये बाटल्यांच्या मानकातून पॉलिकार्बोनेट वगळलं. थोरला तेव्हा चार वर्षांचा होऊन भाकरी-भाजी खात होता.

धाकटीसाठी मी काचेची बाटली आणली. दोन फुटल्या, तिसरी टिकली.

त्याच वर्षी, गणपतीच्या सुमारास, थोरल्याला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेले. दुधाच्या दाढांच्या मागे त्याला नव्या चार दाढा आल्या होत्या. या सहाव्या वर्षीच्या दाढा फसव्या असतात. आधीचा कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, त्या गुपचूप मागच्या मोकळ्या जागेत उगवतात, आणि आपल्याला वाटतं दुधाचीच दाढ आहे, पडेल. प्रत्यक्षात ती जन्मभराची असते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, इतक्या अरुंद की ब्रशचा एक केससुद्धा आत शिरत नाही. बिस्किटाचा लगदा मात्र शिरतो आणि बसून राहतो. मुलांच्या कायमच्या दाढांची कीड बहुतेक वेळा याच खाचांतून सुरू होते. डॉक्टर म्हणाले, यांच्यावर सीलंट लावून घ्या. राळेचा पातळ थर असतो, खाच बुजते, कीड लागत नाही.

मी विचारलं, “कशाचं असतं ते? त्यात बीपीए असतं का?”

त्यांनी मान वर न करता सांगितलं, “मॅडम, नेटवर वाचत जाऊ नका. सगळे लावतात.”

एवढंच. पुढचा पेशंट आत येत होता. मी घरी आले, रात्री पुन्हा शोधलं, आणि मला पहिलंच सापडलं ते स्पेनमधल्या ग्रनाडा विद्यापीठाचं १९९६ सालचं काम. अठरा जणांच्या दाढांवर सीलंट लावलं, पुढच्या तासाभराची लाळ गोळा केली, आणि तिच्यात ९० ते ९३१ मायक्रोग्रॅम बीपीए मिळाला. आकडा मोठा की लहान, मला कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की वर्षभर मी या मुलाला बाटलीतून तेच पाजलंय आणि आता दाढेवर तेच चिकटवायला निघालेय. मी नाही म्हटलं. घरात कुणी विरोध केला नाही. हे म्हणाले, “तुला पटत नसेल तर राहू दे.”

२०२१ च्या उन्हाळ्यात एका रात्री थोरला गाल धरून उठला. लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या, पण पहाटेपर्यंत कळ थांबली नाही. कोविडच्या त्या दोन वर्षांत दवाखाने अर्धे बंद, आम्हीही घरात, दात दाखवायला कोण जातंय? खालची उजवी दाढ माथ्यावरून बारीक काळ्या रेघेएवढी दिसत होती, आत पोकळ झालेली होती. नस वाचली, नशीब. डॉक्टरांनी (हे दुसरे डॉक्टर) कीड कोरून काढली आणि दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. बिलावर लिहिलं होतं ‘कंपोझिट’. दाताच्या रंगाचं हे भरण बहुतेक वेळा ज्या राळेपासून बनतं तिचं नाव बिस-जीएमए. अमेरिकेत रे बोवेन यांनी ती शोधली, १९६२ चं पेटंट आहे. आणि ती बीपीएपासूनच तयार करतात. सीलंटमध्येही बहुधा तीच असते. ज्या राळेचा पातळ थर मी त्याच्या दाढेवर लावू दिला नाही, त्याच कुळातली कितीतरी जास्त राळ आता त्याच्या दाढेत होती, आणि दाढ कोरली गेली होती ती वेगळीच. कोरलेला दात परत येत नाही.

त्या रात्रीनंतर मी बराच विचार केला. प्रश्न विचारणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण उत्तर न मिळालेला प्रश्न तसाच पडून राहत नाही, तो वाढतो. मला त्या दिवशी खुर्चीपाशी कुणी चार मिनिटं दिली असती, तर मी त्याला त्याच दिवशी सीलंट लावून घरी आणलं असतं.

आई या सगळ्यात फारसं बोलल्या नव्हत्या. एकदा दुपारी भांडी पुसताना म्हणाल्या, “अगं, आमच्या वेळी पितळेचं होतंच की. पितळेत ताक ठेवलं की कळकायचं. चिंचेचं सार तर कल्हईशिवाय करायचंच नाही. तांबट आळीतून आणलेलं पातेलं असलं तरी कल्हई गेली की आधी कल्हईवाल्याकडे.” मग थोडं थांबून, “पण पितळ सांगतं गं. हिरवं होतं, चव बदलते. तुमचं हे प्लॅस्टिक काही सांगतच नाही.”

मला रसायनशास्त्राच्या कुठल्याही लेखानं दिलं नाही ते त्या वाक्यानं दिलं. आपल्या आज्या वस्तूला भीत नव्हत्या, तिचा स्वभाव ओळखत होत्या. कुठल्या भांड्यात आंबट चालतं, कुठल्यात रात्रभर ठेवायचं नाही, कुठलं विस्तवावर चढतं. प्लॅस्टिकच्या बाबतीत हे ज्ञान आपल्यापर्यंत पोचलंच नाही. बोहरी आळीत डबे घ्यायला गेलं की मी प्रत्येक डबा उलटा करून तळाच्या त्रिकोणातला आकडा बघते. पाच असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्यात बीपीए लागत नाही. सात असेल तर ‘इतर’, आणि त्या इतरात पॉलिकार्बोनेटही येतं आणि दुसरंही बरंच काही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, “ताई, फूड ग्रेड आहे.” ‘बीपीए-मुक्त’ लिहिलेलं असतं तिथं बीपीएच्या जागी काय घातलंय ते लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी त्याचाच भाऊ, बिस्फेनॉल एस, असतो, आणि तोही संप्रेरकासारखा वागतो असं आता दिसून आलंय.

याच शहरात, पुण्यात, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासून. पॉलिकार्बोनेट कसं बनवावं यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात एका मोठ्या अमेरिकन कंपनीबरोबर काम केलं. या रेणूला आतून-बाहेरून ओळखणारी माणसं माझ्या घरापासून आठ-नऊ किलोमीटरवर असतील. आणि तरी डबा उलटा करून उभी आहे ती आई. तिनं वाचायचं, तिनं ठरवायचं, आणि चुकलं तर तिनंच रात्र जागून काढायची. हे मला फार लागतं. डब्यावर पूर्ण नाव छापायला काय हरकत आहे? मालाच्या किमतीत त्यानं किती भर पडेल?

धाकटीला या मे महिन्यात सात वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तिच्याही दाढा आल्या. मी मैत्रिणीनं सांगितलेल्या एका मुलांच्या दंतवैद्याकडे गेले, टिळक रस्त्याजवळ. बाई माझ्याच वयाच्या. मी तोच प्रश्न विचारला, थोडी धास्तावून.

त्यांनी हातमोजे काढले. ड्रॉवरमधून सीलंटचं खोकं काढून त्यातला कागद माझ्यासमोर उलगडला आणि घटकांवर बोट ठेवलं. “हे बिस-जीएमए. बीपीएपासून बनतं, पण यातून लाळेत बीपीए सहसा सुटत नाही. बिस-डीएमए नावाचं दुसरं एक असायचं, त्याला लाळेतली विकरं फोडतात आणि त्यातून बीपीए सुटतो. ते यात नाही. तरी बनवताना राहिलेला कणभर बीपीए असू शकतो. शून्य आहे असं मी म्हणणार नाही.”

ग्रनाडाच्या आकड्यांचं मी विचारलं. त्यांना ते माहीत होतं. म्हणाल्या, पुढच्या अभ्यासांत कितीतरी कमी मिळाला, आणि जो मिळाला तो पहिल्या काही तासांत, मग उतरला. “आणि तो बहुतेक कुठून येतो सांगू? वरच्या थरातून. निळ्या दिव्यानं राळ घट्ट होते, पण अगदी वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे ओलसरच राहतो. तो पुसून काढला आणि लगेच चूळ भरून थुंकवली की बरंचसं निघून जातं. आम्ही ते करतो. तुम्ही बघा.”

२०१८ मध्ये मला हवं होतं ते एवढंच होतं.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणलीय, किलोमागे चार मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर. वीस किलोच्या मुलीला दिवसाला चार नॅनोग्रॅम. जर्मनीच्या संस्थेला हे पटलं नाही, त्यांनी किलोमागे २०० नॅनोग्रॅम सुचवले. अमेरिकेचं अन्न-औषध खातं म्हणतं, सध्या अन्नातून जातंय तेवढ्यानं धोका नाही. तिघांचाही कागद मी वाचला आहे आणि तिघांत न्याय करण्याची माझी पात्रता नाही. पण एक गोष्ट मला त्यातून समजली. ही मर्यादा जन्मभर, रोज, पोटात जाण्याची आहे. आणि ते रोजचं जाणं मुख्यतः अन्नातून होतं, राळेचं अस्तर लावलेल्या डबाबंद पदार्थांतून फार. म्हणूनच युरोपीय संघानं डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढायचा नियम मंजूर केला. दाढेवरचा थर एकदा, काही तास. पातेल्यातली बाटली दिवसातून सहा वेळा, वर्षभर. मी दोन्ही एकाच तराजूत टाकून बसले होते.

खुर्चीत धाकटी ताठ बसली, दोन्ही मुठी आवळून. आधी दाढ घासून स्वच्छ केली. मग निळ्या रंगाचं जेल खाचांवर. ते आम्ल असतं, फॉस्फरिक. ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांची, १९५५ मधली. लोखंडाला रंग देण्याआधी आम्लानं खरवडतात, म्हणजे रंग धरतो, ते त्यांनी दातावर करून बघितलं. वीसेक सेकंदांनी जेल धुतलं, वाऱ्यानं सुकवलं, आणि दाढ खडूसारखी पांढरी, निस्तेज दिसू लागली. डॉक्टरांनी मला आरशात दाखवलं. त्या खडूच्या रंगावर ब्रशच्या टोकानं एक थेंब, तो आपणहून खाचांत पसरत गेला, पावसाचं पाणी फरशीच्या सांध्यांतून धावतं तसा. मग निळा दिवा. मदतनीस ताई मोठ्यानं वीस मोजत होत्या, धाकटी मुठीत बोटं मोजत होती. दिवा बंद झाल्यावर डॉक्टरांनी ओला कापूस घेऊन दाढेचा माथा नीट पुसला, दोनदा, कापूस बदलून. “आता चूळ भर, मी तीस म्हणेपर्यंत थुंकायचं पण नाही आणि गिळायचं पण नाही.” तिनं गाल फुगवून माझ्याकडे बघितलं आणि तीसला थुंकली.

तीन दाढा अशा झाल्या. खालच्या डाव्या दाढेवर मागून हिरडीची झालर अजून होती, ती कोरडी राहीना. तिथं त्यांनी राळ लावली नाही. ग्लास आयनोमर म्हणून वेगळं सिमेंट लावलं, त्यात बीपीएचा संबंध नाही आणि ओलाव्यातही ते धरतं. मी म्हटलं, मग सगळीकडे हेच का नाही? “लवकर निघतं. दाढ पूर्ण वर आली की इथंही बदलू.” साधं उत्तर, एका वाक्यात.

घरात आम्ही काही गोष्टी बदलल्या आहेत. गरम वरण प्लॅस्टिकमध्ये ओतत नाही. लोणचं काचेच्या बरणीत, तेल स्टीलच्या बुधल्यात. शाळेचा डबा स्टीलचा, त्याच्या झाकणाची कडी सारखी निसटते, तरी तोच. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यातून हे पूर्वी चहा पातळ पिशवीत बांधून आणायचे, उकळता. आता किटली घेऊन जातात. सोसायटीत उन्हाळ्यात टेम्पोतून निळे वीस लिटरचे जार येतात, दुपारभर उन्हात तापून. ते मी सभेत दोनदा मांडलं, निदान सावलीत उतरवा म्हणून. आता जिन्याखाली ठेवतात.

बाटली खिडकीशी धरून मी उभी होते तेव्हा थोरला आत आला. नववीत आहे, माझ्यापेक्षा उंच. “ही माझी?” त्यानं हातात घेतली, आतलं धुकं बोटानं खरवडून बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं. पातेलं, साबण, दवाखाना, माझं नाही म्हणणं. दाढेचंही. तो दाढेवर जीभ फिरवत ऐकत होता. राग आला असेल का, मला कळेना.

म्हणाला, “तुला तेव्हा कुणी सांगितलं का नाही?”

मग जरा वेळानं, “बाराव्या वर्षी पण येतात ना दाढा? चिऊची तपासणी कधीये?”

तिची तपासणी दिवाळीनंतरच्या शनिवारी होती. त्याच्या मागच्या चार दाढा येऊन वर्ष झालं असेल, अजून स्वच्छ आहेत. त्याच शनिवारी डॉक्टरांकडे त्याचंही नाव लिहून ठेवलं, साडेअकराला. खुर्चीत बसण्याआधी तो म्हणाला, “ते खोकं बघू?” आणि त्यातला कागद उलगडून शेवटपर्यंत वाचला. डॉक्टर हातमोजे हातात धरून थांबल्या होत्या.